पाहुण्यांचे नीरफणस

साफोतू, ६ मार्च

चि. सिनापातीस आजीचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शिसारी आली. तुझी कंपनी आणि ऑकलंडची कंपनी मिळून नीरफणसाचं टिकाऊ पीठ शोधणार म्हणे! गळ्यात हार घातले, डुक्कर चापलं, फोटोला दात काढले. आता पीठ कडू निघालं, तर तुझा साहेब तोईलोलो म्हणतो मशीन वाईट, ते म्हणतात फळ वाईट. शी! बाजारातल्या बायका बऱ्या, निदान तोंडावर भांडतात.

खरं काय ते कळव. गोडगोड लिहू नकोस. माझे गुडघे सोडून इथे सगळं ठीक. रागावलीस तरी माया सोडू नकोस.

तुझी आजी मोएलागी

आपिया, १२ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

खरं ऐक. ऑकलंडचा रॉस मशीन बसवायला आला, तेव्हा साहेब म्हणाले, पाहुणा आहे, निवडून फळ द्या. फळं वाळवायच्या मशीनची आच त्याच फळांवर ठरली. रोज अशीच फळं येतात का, असं रॉसने विचारलं, तर आम्ही सगळ्यांनी हसून मान डोलावली. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मग रोजची कच्ची-डागाळलेली फळं त्याच आचेवर वाळवली आणि पीठ कडू झालं. दुसऱ्या एका बेटावरही त्यांचं मशीन असंच फसलं होतं, हे त्यानेही दडवलं. काल चुकून बोलून गेला.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्याबरोबर बैठक आहे. करार मोडला तर आमची प्रयोगशाळा बंद. मी तोंड उघडलं तर साहेब मलाच घरी पाठवतील. काय करू?

गुडघ्यांना तेल लाव. आशीर्वाद असू दे.

तुझी सिनापाती

साफोतू, १७ मार्च

चि. सिनापातीस आशीर्वाद.

थू तुमच्या त्या हसण्यावर! नाही म्हणवत नाही, म्हणून पाहुण्याला बुडवायचं? आणि तो रॉसही तसलाच. सोयरीक जुळवताना दोन्ही घरांनी आपापले दारुडे काका शेजारी धाडले, मग संसार काय होणार, कपाळ?

घरी पाठवलं तर ये. इथे डुकरांना खायला घालायला माणूस हवंच आहे. पण बोल.

उद्याच्या बोटीने गोणी धाडते. कच्ची, पिकली, चेचलेली, डागाळलेली, सगळी फळं आहेत. बैठकीत टेबलावर ओत. रॉसला सांग, चांगलं फळ आम्ही पाहुण्याला देतो, असलं घरच्यांना. त्याला काय व्हायचंय ते त्याने ठरवावं.

शिव्या दिल्या त्या पोटात घाल.

आजी

आपिया, २२ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

गोणी ओतली. साहेब लालबुंद झाले, अजून माझ्याशी बोलत नाहीत. रॉसने एक चेचलेलं फळ उचलून हुंगलं. मग त्या दुसऱ्या बेटावरचं सगळं त्याने आपणहून सांगितलं. करार तूर्त टिकला. आच नव्याने ठरवायला तो परत येतोय. हार नको म्हणाला, डुक्करही नको.

अजून दोन गोण्या धाड. चांगलं फळ चुकूनही घालू नकोस.

तुझी सिनापाती