तीन बरण्या

अल्गोमा, विस्कॉन्सिन
सोमवार, १४ एप्रिल

प्रिय कर्ट,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत, तूही बरा असशील. सरोवरावरचा बर्फ गेला, पण वारा अजून कानात शिरतो. माझा गुडघा होता तसाच आहे. डॉक्टर म्हणतो दुखणं वाढलेलं नाही, पण तो फार तरुण आहे, त्याला काय कळणार. पन्हळीतला पाला काढायला तुझ्या आईने मला शिडीवर चढू दिलं नाही. आता पाऊस आला की तळघरात पाणी येईल, ही एक काळजी. तुझ्या गाडीचे टायर बघून घे. फार हिंडतोस.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला सुचत नाही. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी. लिहिताना निदान खोडता तरी येतं.

काल लुएलच्या बारमध्ये डबा फिरला. दर वर्षीसारखाच, कॉफीचा रिकामा डबा. फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात, त्यात आपला संघ पहिल्या फेरीत कोणाला उचलणार, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, मोठ्याने वाचायचं आणि आत टाकायचं. यंदा आपली पाळी एकविसावी. ज्याने लिहिलेला पोरगा पहिल्या फेरीत कुठलाच संघ घेणार नाही, त्याने मे महिनाभर दर शुक्रवारी लुएलच्या मासळीच्या जेवणासाठी बटाटे सोलायचे.

मी किकरचं नाव लिहिलं.

डेलबर्टने ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "नॉर्ब, पडलाबिडलास का कुठे? सामन्यात चारदा आत येऊन चेंडूला नुसती लाथ मारणारा पोरगा पहिल्या फेरीत कोण घेतो?"

मी म्हटलं, "मला आतून वाटतंय."

"आतून वाटतंय तर पोट दाखवून घे."

लुएल म्हणाला, "ह्याचा पोरगा संघासाठी देशभर खेळाडू हेरत फिरतो, आणि बापाला एवढंही कळत नाही." सगळे हसले. मीही हसलो. कर्ट, चार वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आता चार वर्षांपूर्वीचं. हा परिच्छेद मी तीनदा लिहून फाडला.

तू ज्या गावी पोरगा बघायला जायचास, तिथून आईसाठी काहीतरी आणायचास. त्या हिवाळ्यात टेनेसीतल्या एका गावाहून ज्वारीची काकवी आणलीस. मग तिथलीच आणखी एक बरणी आणलीस. ईस्टरच्या जेवणाला आलास तेव्हा तिसरी. आई म्हणाली, "आता चौथी आणलीस तर फळी नवी ठोकून दे." तू हसलास आणि विषय बदललास. मी मात्र रात्रभर मोजत बसलो. एकदा गेला असेल तो बघायला, दुसऱ्यांदा खात्री करायला. तिसऱ्यांदा जातो म्हणजे तो पोरगा हवाच आहे. त्या गावच्या कॉलेजात नाव घेण्यासारखा एकच होता, भिंतीएवढा.

ते नाव मी डब्यात टाकलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर अंदाजच होता. पण डेलबर्ट म्हणाला, "कशावरून?" आणि मी बरण्यांचं सांगितलं. मला तेव्हा फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. डेलबर्टच्या जावयाने ते मिलवॉकीच्या रेडिओवर फोन करून सांगितलं. आठवड्याने ड्राफ्टच्या दिवशी दुसऱ्या एका संघाने सौदा करून आपल्या दोन जागा पुढे उडी मारली आणि तो पोरगा नेला. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही, असं मी चार वर्षं स्वतःला सांगतोय.

दोन वर्षं तू त्या पोरामागे होतास. फोन करून विचारलंस, "बाबा, तुम्ही कुठे काही बोललात का?"

मी म्हटलं, "मला कुठे काय माहीत असतं?"

तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी खोटं बोललो, कर्ट. मीच बोललो होतो.

त्यानंतर तू नाताळला येतोस, अर्धा दिवस बसतोस, हात रिकामे. तू कुठे जाऊन आलास ते आम्ही विचारत नाही. आई फळी पुसते.

म्हणून फेब्रुवारीत टपालाने बरणी आली तेव्हा मला वाटलं, चुकून आली असेल. मार्चमध्ये त्याच गावची दुसरी आली. गेल्या शुक्रवारी तिसरी. चिठ्ठी एकीतही नव्हती. तू विसराळू नाहीस. म्हणजे तुला तेव्हाही माहीत होतं, आणि आता तू मला पुन्हा विचारतो आहेस.

बरण्या कुठल्या गावच्या, कशाच्या, ते इथे लिहीत नाही. पाकीट कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. लेबलं मी कोमट पाण्यात भिजवून काढली, कारण डेलबर्ट कॉफीला आमच्याकडे येतो. नाव मला कळलं आहे. डब्यात टाकलं नाही, तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. ती म्हणाली, "मला काकवीच्या वेळीही कळलं होतं. मी गेले का कुणाला सांगायला?" बेचाळीस वर्षांत हे मला आत्ता समजलं, आमच्यात हुशार कोण.

तो पोरगा तुम्हाला मिळो. नाही मिळाला तर ह्या वेळी माझ्यामुळे नाही, एवढं माझ्यापाशी आहे. शांत झोप लागते. गुडघाही कमी दुखतो असं वाटतं, पण त्यावर माझा भरवसा नाही.

बरण्या उघडलेल्या नाहीत. ड्राफ्ट आटोपला की तुला जरा सवड होईल. मेमधल्या कुठल्याही शुक्रवारी मी लुएलच्या मागच्या दाराशी बादली घेऊन बसलेला असेन. सोलणी माझ्याकडे दोन आहेत.

ह्या वर्षी कुणाला काहीही न बोललेला,
तुझा बाप,
नॉर्बर्ट