दोन्ही हात एकदम

आई, आज उत्तर पक्कं झालं, आणि मला हवं होतं तेच आलं, म्हणून सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेत घालायच्या आधी तू मला स्वयंपाकघरात गणित शिकवायचीस. एकदा उत्तर जुळलं म्हणून मी उड्या मारल्या, तर तू खोबरं खवता खवता म्हणालीस, "खूश झालंस मां? मगे परत कर गो. आवडलेला उत्तर नीट बघूक व्हया." तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते माझ्या मानेवर बसलेलं आहे.

माझं काम रसायनशास्त्रातलं, पण परीक्षानळीला हात न लावता. दोन रेणू जवळ येतात, दोन ठिकाणी जुळतात आणि त्यांचं एक कडं बनतं. दोन्ही टोकं एकदम जुळतात, की आधी एक आणि मग दुसरं, एवढाच प्रश्न. दोन्ही वाटांना किती ऊर्जा लागेल ते मी कागदावर मांडते आणि गणकयंत्राची मूठ फिरवत बसते. दंड भरून येतो. पहिल्याच दिवशी मला आपली फुगडी आठवली होती. चाळीच्या चौकात तू माझे दोन्ही हात पकडतेस, मी किंचाळते, आणि भिंती फिरायला लागतात. तेव्हापासून मला टोकं एकदमच जुळायला हवी होती. हिशेबात तीच वाट कमी ऊर्जेची, सोपी निघाली. पुन्हा केलं, शेवटाकडून केलं, तेच.

दुपारी दादरला माझ्या मार्गदर्शक सरांच्या घरी कागद नेले. आज आपल्या राज्याचा पहिला दिवस, रस्ताभर गुलाल आणि ढोल. सरांनी सगळं पाहिलं. "चूक कुठे आहे?"

"सापडत नाही, सर. पण मला हेच हवं होतं. नकळत झुकतं माप दिलं असेन तर?"

सर हसतच सुटले. "अगं, बाहेर अख्ख्या मुंबईला हवं होतं तेच मिळालंय. कोणी म्हणतंय का, परत मोजा? या दोन रेणूंपुरतंच हे खरं, असं म्हण आणि शोधनिबंध लिहायला घे."

संध्याकाळी गिरगावात परतले, तर चौकात बायकांच्या फुगड्या रंगलेल्या. "ये गो, शास्त्रीणबाई!" म्हणत शेजारच्या काकूंनी मला ओढलं. मी मनाशी ठरवलं, आता कुठला हात आधी जुळतो ते नीट पाहायचं.

निबंधाची पहिली ओळ लिहून झाली आहे. हे पत्र त्या कागदांखालीच राहील. आणि आई, ते हातांचं बघायचं राहूनच गेलं.