अशा मुलांचं पोट

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, भेटलीस की कान पिळ. पण घरात सध्या कुणाचंच डोकं ठिकाणावर नाही.

आपली ठमी आठ वर्षांची झाली तरी बोलत नाही, हे आता आपल्या अंगवळणी पडलंय. पण हल्ली जेवण झालं की ती खुर्चीच्या हातावर पालथी पडते, पोट दाबून धरते आणि स्वतःच्या मनगटाला चावते. शाळेत बाकावरही तेच. उठवायला गेलं की किंचाळते. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. पोरगी लाडावली आहे, लक्ष वेधून घेते, सुधारेपर्यंत घरीच ठेवा, म्हणाल्या.

डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी ठमीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पोटाला हात लावणं लांबच. अशा मुलांचं असंच असतं, असं म्हणून त्यांनी शांत राहायचं औषध लिहून दिलं. आता ती गुंगीत कण्हते. याला शांत म्हणायचं का गं? माझा आवाज चढला तेव्हा हिने माझी बाही ओढली. पुन्हा त्यांच्याच दारात यायचंय, म्हणाली. तेही खरंच. पण रक्त नुसतं उकळतंय.

तुझा जन्म न बोलणाऱ्या मुलांना शिकवण्यात गेला. काय करू ते सांग. ठमीवरची माया आहेच, थोडी माझ्या वाट्यालाही येऊ दे.

तुझा,
भाऊ


११ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पुढ्यातला चहा तसाच गार झाला. ‘अशा मुलांचं’ म्हणजे काय? अशा मुलांना पोट नसतं? तुला-मला दुखलं की आजार, आणि तिला दुखलं की स्वभाव! माझ्या वर्गातली मुलं हेच ऐकत मोठी झाली. मी तिथे असते तर त्या डॉक्टरांना पाठीचा कणा दुखेपर्यंत खुर्चीवर पालथं पाडलं असतं.

अरे, ती पालथी पडते ना, ते तिचं बोलणंच आहे. फक्त ऐकणाऱ्यांना ऐकू येत नाही. औषध आपल्या मनाने थांबवू नकोस, पण दुसरा डॉक्टर शोध. आणि तुझ्या छापखान्यात जाड पुठ्ठ्याचं एक लाल कार्ड कर, त्यावर दुखऱ्या माणसाचा चेहरा. ती बऱ्या मूडमध्ये असेल तेव्हाच शिकवा, दुखत असताना नाही. तुला कुठे लागलं तर तिथे कार्ड ठेव आणि विव्हळ. विव्हळण्यात तू लहानपणापासून पटाईत आहेस, शाळा चुकवायला कपाळ धरून बसायचास. मात्र तिचा हात धरून कार्ड कुठे ठेवायला लावू नका. पोटच दुखतंय ना, असंही दहादा विचारू नका. मग ती तुम्हाला खूश करायला कुठेही ठेवेल.

वहिनीला सांग, बाही ओढायची तर ओढ, पण हळू.

तुझ्यावर रागावूनही तुझीच,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिलं कार्ड ठमीने चावून टाकलं. दुसरं पंख्यावर भिरकावलं. मी रोज बोट धरून विव्हळायचो आणि ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तशी पाहायची. मग एकदा टेबलाचा कोपरा खरोखरच गुडघ्याला लागला. ठमी उठली, कार्ड आणलं आणि माझ्या गुडघ्यावर दाबून धरलं. ताई, मी दुखणं विसरलो. नंतर तिने ते तडा गेलेल्या कपावरही ठेवलं. ही म्हणाली, चूक काय आहे त्यात?

दहा-बारा दिवसांपूर्वी जेवण झाल्यावर तिने कार्ड स्वतःच्या छातीखाली ठेवलं. तिथून हळूहळू वर सरकवत गळ्यापर्यंत नेलं. पुन्हा खाली, पुन्हा वर.

दुसऱ्या डॉक्टरांची वेळ आठवड्यानंतरची होती, म्हणून आधी त्याच डॉक्टरांकडे धावलो. पोरखेळ आहे, म्हणून ते हसले. आणि माझी बाही ओढणारी तीच बाई खुर्चीवरून उठली! माझ्या नवऱ्याने छातीवर हात ठेवला असता तर तुम्ही तपासलं असतं, मग हिला का नाही, असं तिने भरल्या दवाखान्यात खणखणीत विचारलं. उत्तराची वाटही न पाहता ठमीला उचलून बाहेर पडली.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई चक्क जमिनीवर बसल्या. आपला स्टेथोस्कोप आधी ठमीच्या हातात दिला, मग तपासलं. दुर्बिणीच्या तपासणीत निघालं की पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिका भाजली आहे, आत जखमा आहेत. पोर आतून जळत होती, आणि तिला झोपवायचं औषध चाललं होतं! आता औषध बदललंय.

तुझ्या शब्दाचा आधार असाच मिळत राहो.

भाऊ


१२ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

जखमा वाचून मी रडले आणि मग शिव्या दिल्या, दोन्ही मनसोक्त. वहिनीच्या पाठीवर माझ्यातर्फे थाप दे. ठमीला बरं वाटलं की शाळेत जा. विनवायला नाही, सांगायला. कार्ड दोरीने तिच्या गळ्यात घाल.

ठमीला पापा, तुम्हा दोघांना बळ.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठमी आता जेवून सरळ बसते. मनगटावरचे वळ फिकट झालेत.

काल ठमीला घेऊन शाळेत गेलो. ती पुन्हा किंचाळणार नाही असं लिहून द्या, मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मी म्हटलं, दुखलं तर किंचाळेल, तुम्ही किंचाळत नाही का? प्रत्येक वर्गात असं कार्ड ठेवा, असंही सांगितलं. एका मुलीसाठी एवढं कशाला, असं त्यांनी विचारलं.

तेवढ्यात ठमीच्या वर्गातला एक मुलगा आत आला. तोही बोलत नाही. त्याने ठमीच्या गळ्यातलं कार्ड हातात घेतलं आणि आपल्या कानावर दाबून धरलं. ठमी आपली वस्तू कुणाला देते होय? तिने ओरडून शाळा डोक्यावर घेतली. पण त्याने कार्ड सोडलं नाही. तो कान ओढतच असतो, सवयच आहे त्याला, असं बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक झाला.

त्याची आई आज छापखान्यात आली होती. कानाच्या पडद्यामागे पू झालाय, म्हणाली. किती दिवसांपासून, ते कुणालाच सांगता येत नाही.

ती गेल्यावर मी सगळ्या शाळेला पुरतील एवढी लाल कार्डं छापायला घेतली. बाईंना विचारलेलं नाही.

तू ये, वाटायला हात कमी पडतील.

तुझा,
भाऊ