मागनं येत्याल

मांडवगण फराटा
१९ एप्रिल २०२४

चि. धनश्री,
तुझ्या आबाचा आशीर्वाद. चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. इकडे ऊन मरणाचं आहे. जर्सी व्याली, कालवड झाली.

तुझा जुना कॉम्प्युटर मी घरातल्या जुन्या टीव्हीला जोडला. पडद्यावर काळे पट्टे चढायला लागले, आवाजात नुसती घुमघुम, आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. रेल्वेत बत्तीस वर्षं वायरमन असलेल्या माणसाची चांगलीच शोभा झाली. डिशची वायर काढली, दोन्ही पिना एकाच बोर्डात घातल्या, तेव्हा पट्टे आणि घुमघुम गेली. झिणझिण्या काही जाईनात. शेवटी मागे जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिला. कोरडा ठणठणीत, भेगा पडलेल्या.

घर बांधलं तेव्हा मीठ-कोळसा घालून मीच तो भरला होता. तुझ्या आईला म्हणालो होतो, इथं रोज तांब्याभर पाणी घालत जा, ओल राहिली तरच अर्थिंग काम करतं, नाहीतर पत्र्याला करंट येतो. सांगून मी विसरून गेलो. ती पंधरा वर्षं घालत राहिली. तिला जाऊन तीन महिने झाले, आणि माझं तिकडे लक्षही गेलं नाही. बादलीभर पाणी ओतलं आणि तिथंच बसून रडलो गं.

कॉम्प्युटर कशासाठी जोडला ते लिहायचं टाळत होतो. तांदळाच्या डब्यात आईनं लपवलेला पेन ड्राइव्ह सापडला. तुझ्या लग्नाचा. त्या दिवशी ती कवठे येमाईला माहेरी जाते म्हणून घरातून निघाली होती. व्हिडिओत ती पहिल्या रांगेत बसलीय. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरलीय. एक बाई विचारते, "पोरीचं वडील न्हाई आलं व्हय?"

आई म्हणते, "ड्यूटी हाय त्यांची. येत्याल मागनं."

मला रिटायर होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, धना. मी इथं ओट्यावर बसून होतो.

तिच्या दहाव्याला तू घाटावर आलीस आणि मी पाठ फिरवली. लग्नातही माझंच चुकलं, घाटावरही माझंच. तुला ये म्हणायला मला तोंड नाही. मीच शिरूरला आलो तर दार उघडशील का? महेंद्ररावांना विचारून सांग. त्यांना माझा नमस्कार. हा पहिलाच.

खड्ड्यात आता रोज मी पाणी घालतो.

मागनं येणारा,
तुझा आबा