डबा वाजला की मुनी पुढे

गुरुवार, ४ सप्टेंबर

ही डायरी खरं तर जानेवारीत घेतली. पहिल्या पानावर 'रोज लिहिणार' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. रेघा वाकड्या आल्या म्हणून पट्टी आणायला गेलो. त्याला आठ महिने झाले. मधल्या काळात दोन नोकऱ्या झाल्या आणि वेल्डिंगचा अर्धा कोर्स. म्हणजे विषय नव्हता असं नाही. जगण्यातच वेळ गेला.

आता मात्र लिहिणं भाग आहे, कारण अंगावर जबाबदारी आली आहे. ताईचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी अठरा तारीख दिली आहे. भावोजी पवनचक्क्यांच्या साइटवर, ते बाराला येतील. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला इथला जिना चढवणार नाही. तोवर ताईसोबत मी. आईने फोनवर विचारलं म्हणे, दुसरं कुणीच नाही का. ताई म्हणाली, भिंगरी आहे की. (भिंगरी म्हणजे मी. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून. जुनी गोष्ट.)

ताईने काम एकच दिलं. फोन चालू ठेव, मी केला की उचल, मला हॉस्पिटलला ने. बाकी काही डोकं चालवू नकोस.

हे फारच कमी वाटलं. मी स्वतःहून वाढवून घेणार आहे. भावोजींची गाडी माझ्याकडे. रस्ता मोजायचा, वेळ काढायची, रेसच्या टीमसारखं सगळं बसवायचं.

या वीकेंडला टीव्हीवर गाड्यांची रेस आहे, हा योगायोग. बाळ अठराला, रेस सातला. अकरा दिवसांचं अंतर. मधे अख्खी दुसरी रेस बसेल.

शुक्रवार, ५ सप्टेंबर. सकाळी १०

प्रॅक्टिस. रेसवाल्यांचीही आणि माझीही.

घर ते हॉस्पिटल. ताईला बसवून कशाला दमवायचं, म्हणून टायरच्या दुकानातून दोन जुनी ट्रकची टायरं आणली, पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. वजन साधारण ताईएवढं. ताईने गॅलरीतून पाहिलं. म्हणाली, ती मी आहे का. मी म्हटलं, अंदाजे. ती आत गेली.

वेळ: ५२ मिनिटं. पण त्यातली चाळीस धरायची नाहीत. वाटेत एक माणूस भिंतीवर दोरीला लटकून जाहिरात रंगवत होता, ते बघायला थांबलो होतो. अक्षराची पोकळी आधी रंगवतात, हे माहीत नव्हतं. तर निव्वळ वेळ १२ मिनिटं. उत्तम.

संध्या. ५

दुकानात गेलो. दुकान म्हणजे टायरवाल्या काकांचं. पंक्चर काढतात, पण आमच्यासाठी ते स्टेडियम आहे. भिंतीवर टीव्ही, समोर टायरांच्या चळती, त्यावर आम्ही तिघं. काका, ड्रायव्हिंग स्कूलचे सर आणि मी. तिघंही मुनीचे. मुनी म्हणजे आमचा रेसर. रेडिओवर एक अक्षर बोलत नाही म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. नऊ वर्षं धावतोय आणि एकदाही पोडियम नाही, म्हणजे पहिल्या तिघांत नाही. चौथा मात्र सात वेळा. काका म्हणतात, त्याला चौथ्या नंबरचा शाप आहे. सर म्हणतात, शाप नाही, तो वळणावर क्लच लवकर सोडतो. त्या गाडीला क्लचचं पेडल नसतं, हे सरांना कोण सांगणार.

आज घात झाला. दुकानाचं नेट दीड मिनिट मागे चालतं. आम्ही स्क्रीनवर मुनीची सुंदर लॅप, म्हणजे अख्खी फेरी, बघतोय आणि सरांच्या भाच्याचा मेसेज: 'मुनी भिंतीला'. पुढचं दीड मिनिट आम्ही तो भिंतीला लागायची वाट बघत बसलो. लागला. त्याला काही झालं नाही. आम्हालाच झालं.

मी तोडगा सुचवला. सेशन चालू असताना सगळ्यांचे फोन ग्रीसच्या रिकाम्या डब्यात. झाकण बंद. निकाल लागल्यावरच उघडायचा. काका म्हणाले, पोरा, डोकं आहे तुला. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

ताईने सांगितलेल्या कामाशी याचा विरोध नाही. फोन चालूच राहणार. फक्त डब्यात.

शनिवार, ६ सप्टेंबर. संध्या. ६:३०

क्वालिफाइंग, म्हणजे उद्या कुणी कितव्या जागेवरून सुटायचं ते ठरतं. मुनी पाचवा.

महत्त्वाचा शोध लागला. शेवटच्या मिनिटाला डब्यात कुणाचा तरी फोन थरथरला. ग्रीसचा डबा, पत्र्याचा, आवाज असा येतो की आत मधमाशी कोंडलीय. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि दीड मिनिटाने मुनी आठव्यावरून पाचवा. म्हणजे डबा वाजला की चांगली बातमी निघालेली असते आणि आपल्याकडे पोचायची असते. काका म्हणाले, आता डबा हलवायचा नाही, ठेवलाय तिथेच राहू दे. सरांनी खडूने त्याभोवती गोल काढला.

दुसरी प्रथा जुनी. मुनी टायर बदलायला थांबला की आपणही एक चाक काढायचं. गेल्या वर्षी काकांनी सहज एका स्कूटरचं काढलं होतं आणि मुनी दोन गाड्यांच्या पुढे निघाला. तेव्हापासून ठरलेलं आहे. उद्या भावोजींची गाडी वापरायची, असं मी कबूल केलं. मोठी गाडी, मोठा परिणाम.

घरी आलो तर ताई कंबरेला हात लावून भिंतीशी उभी. म्हणाली, दुपारपासून दुखतंय, थांबून थांबून. मी म्हटलं, ती खुर्चीच वाईट आहे, उद्या उशी आणतो. खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. लायब्ररीतून रिटायर झाल्यात, अजून हळू आवाजात बोलतात. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचारलंत का. ताई म्हणाली, तारखेला अजून वेळ आहे. मी म्हटलं, बघा. पहिलं बाळ उशिराच येतं, असं काकांनी सांगितलं आहे आणि काकांना चार आहेत.

ताईने विचारलं, उद्या घरी आहेस ना. म्हटलं, तीन ते पाच सोडून पूर्ण दिवस. ती म्हणाली, फोन उचल म्हणजे झालं.

संकल्प: उद्या पहाटे उठणे, गाडी धुणे, उशी आणणे, हॉस्पिटलची बॅग भरणे.

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी ११:१५

उठलो. पहाट राहिली. बॅग ताईने स्वतःच भरून दाराशी ठेवली आहे. चांगलं झालं, तिच्या मनासारखी भरली गेली. उशी संध्याकाळी.

दु. २:५०

दुकानात. फोन डब्यात, डबा गोलात. गाडी आत घेऊन जॅकवर चढवली आहे. निघताना ताई म्हणाली, नाही गेलास तर चालणार नाही का. मी म्हटलं, नऊ वर्षं वाट बघितलीय, ताई. ती म्हणाली, मी नऊ महिने. आम्ही दोघंही हसलो. म्हणजे मी हसलो.

३:०८

सुरू. मुनी पाचवा.

३:३४

मुनी टायरसाठी आत. त्याची चार चाकं दोन पूर्णांक सहा दशांश सेकंदांत. आमचं एक चाक चार मिनिटांत निघालं. एक नट गडगडत कुठेतरी गेला. नंतर बघू. मुनी अजून पाचवा.

३:५२

डबा वाजला.

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सरांनी घड्याळावर दीड मिनिट मोजलं. आणि पुढची निळी गाडी वळणावर घसरली. मुनी चौथा. सर टायरांच्या चळतीवरून खाली पडले. लागलं नाही म्हणाले.

३:५८

पुन्हा वाजला. लांब वाजला. काका म्हणाले, मोठी बातमी आहे.

३:५९:३०

काही नाही. सर म्हणाले, नेट अजून मागे पडलं असेल.

४:०४

परत. थांबतो आणि लगेच सुरू होतो. मी म्हटलं, हा एकाच माणसाचा वाटतोय. सर म्हणाले, भाचा वेडा झालाय, नक्की मुनी पहिला येतोय. काका डब्याला नमस्कार करून आले. मला मधेच वाटून गेलं, उघडून बघावं का. पण मीच केलेला नियम मी मोडला तर काय राहिलं. माणसाने एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत न्यायला हवं.

४:१९

आता मोजणं सोडलं. पत्रा सारखा थरथरतोय. डबा खडूच्या गोलाबाहेर सरकलाय. कुणी हात लावला नाही. दहा लॅप उरल्या. मुनी तिसऱ्याच्या मागे, एक सेकंद.

४:३१

डबा गप्प झाला.

काका म्हणाले, हे काही मला बरं वाटत नाही.

४:३८

मुनी तिसरा.

शेवटच्या वळणावर आतून घुसला. तिसरा. पोडियम. रेडिओवर त्याचा आवाज नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकला. रडत होता. काकाही. सरांनी मला मिठी मारली आणि मी डब्याचं झाकण काढलं.

काकांचा फोन: काही नाही. सरांचा: काही नाही. भाच्याने एक शब्द पाठवलेला नाही.

माझा: तेवीस मिस्ड कॉल. सतरा ताईचे, सहा एका अनोळखी नंबरवरून. तीन मेसेज. 'फोन उचल.' 'भिंगरी, उचल ना.' शेवटचा चार एकतीसचा. 'बाईंच्या गाडीतून निघते आहे. तू थेट तिकडे ये. गाडी सावकाश चालव.'

फोन बंद नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

संध्या. ५:४०. हॉस्पिटल, दुसरा मजला, बाकावर

पोडियम बघितलं नाही. भावोजींची गाडी तीन चाकांवर आणि नट सापडेना. सरांनी स्कूलची गाडी काढली, डोक्यावर पाटी असलेली. म्हणाले, तू चालव, तुझे हात तरुण आहेत. पण त्यांच्या बाजूलाही ब्रेक आहे आणि तीस वर्षांची सवय. मी वेग वाढवला की ते ब्रेक दाबतात. प्रत्येक चौकात 'आरसा बघ' म्हणाले. मी एकदा ओरडलो. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं, पण आरसा बघ. बारा मिनिटांचा रस्ता, सदतीस मिनिटं. मी कुठेही थांबलो नाही.

बाकावर खालच्या बाई होत्या. मी काय काय सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी सरकून जागा दिली. हळू आवाजात म्हणाल्या, सकाळपासूनच दुखत होतं तिला. तू निघेपर्यंत बोलली नाही, तुझी रेस बुडेल म्हणून. मग मला फोन केला, जिना उतरवत नाही म्हणाली. मी तिला धरून उतरवलं. एकेका पायरीला थांबत होतो आणि ती परत तुलाच लावत होती. घाबरला असेल म्हणाली. मी विचारलं, कोण. म्हणाली, भाऊ.

पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

भावोजी निघालेत, पण सहा तासांचा रस्ता आहे. तोवर घरचा माणूस मी एकटा. नर्सने सांगितलं, वेळ लागेल, कदाचित रात्र होईल. पहिलंच आहे.

तर आता पक्कं. इथून हलायचं नाही. दार उघडेल तेव्हा ताईला पहिला चेहरा माझा दिसला पाहिजे. तहान लागली तरी नाही. फोन हातात, आवाज पूर्ण वाढवलेला. बाई म्हणाल्या, इथे आवाज बंद ठेवायचा असतो. बंद केला. पण हातात आहे.

६:१०

हललो नाही.

६:२५

हललो नाही. बाईंना चहा हवा का विचारलं, त्या नको म्हणाल्या. माणूस बसूनही किती काम करू शकतो. ताईला हे सांगायला हवं.

६:३०

खाली रिसेप्शनच्या टीव्हीवर बातम्या लागल्यात, जिन्यातून आवाज येतोय. खेळाच्या बातम्या. पोडियम दाखवणार. दोन मिनिटांचं काम आहे, आणि खरं तर जिन्यात उभं राहिलं तरी दिसेल. बाई आहेतच.

६:५५

आधी टेनिस दाखवलं. मग पोहण्याचं काहीतरी, एक बाई पाठीवर पोहत होती, फारच सुंदर. मग मुनी. त्याने कप हातात घेतला आणि काय करायचं ते कळेना म्हणून खाली ठेवला. बघून बरं वाटलं.

वर आलो तर बाक रिकामा. बाई नाहीत. दार ओढून घेतलेलं, आत बरेच जण बोलतायत, त्यात बाईंचा आवाज, आज पहिल्यांदाच मोठा. एक मावशी फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, पाय वर घ्या. घेतले. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, तुम्हीच का मामा. आत जा, मघापासून तुम्हालाच शोधतायत. मुलगी आलीय, वीस मिनिटं झाली.