खिळ्यावरची घड्याळं

३ नोव्हेंबर, रेवदंडा
आलो बाबा एकदाचे! टेम्पोतून माझं टेबल, भिंग आणि चिमटे सुखरूप उतरले, मिक्सरचं भांडं मात्र फुटलं. मैत्री, आधी हत्यारं सांभाळलीस आणि मग संसार, म्हणून माझा नवरा संघर्ष दिवसभर चिडवतोय. त्याला इथल्या बोटीवर इंजिनाचं काम मिळालंय आणि मला अंबाजी घड्याळजींचं बंद दुकान. अंबाजी पावसाळ्यात वारले. त्यांच्या पत्नी आवडाबाई मागच्या खोलीत राहतात, पुढची आमची. घरभर सुक्या बोंबलांचा वास आहे. आठवड्यात सवय होईल म्हणे.

५ नोव्हेंबर
दुकानाच्या भिंतीवर खिळे आणि खिळ्यांवर चावीची मनगटी घड्याळं, सगळी चालू. खलाशी दर्यावर जाताना घड्याळ इथे टांगतात आणि परतले की आपल्या हाताने काढून घेतात. खाऱ्या पाण्यापासून जपायला असेल, मला पटलं. रोज सकाळी सगळ्यांना चावी द्यायची, एवढीच आवडाबाईंची अट. त्यांची बोटं आता वळत नाहीत.

संघर्षच्या बोटीवरचा रघू येऊन घड्याळ टांगून गेला. भलताच थट्टेखोर. डावखुरा आहे, म्हणून घड्याळ उजव्या मनगटावर बांधतो, तेही तबकडी आतल्या बाजूला. बाईमाणूस घड्याळं खोलतं याची त्याला गंमत वाटते. मला ‘मास्तरीन’ म्हणतो.

८ नोव्हेंबर
बोट गेली. संघर्षनेही हौसेने आपलं घड्याळ टांगलं. लग्नात माझ्या बाबांनी दिलेलं आहे, रघूच्या घड्याळाचा जुळा भाऊच.

रघूचं घड्याळ मागे पडतंय. मागे पडणारं घड्याळ मला बघवत नाही, हा माझा जुनाच रोग. उद्या खोलून पेट्रोलमध्ये धुऊन काढते. परत आला की कळेल मास्तरीन काय चीज आहे ते.

१० नोव्हेंबर
रघू गेला.

काल दुपारी जाळं ओढता ओढता खाली बसला आणि संपला. दुसऱ्या एका बोटीने त्याला किनाऱ्यावर आणलं. काल दुपारी त्याचं घड्याळ माझ्या टेबलावर सुटं पडलं होतं.

आवडाबाईंनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि खोललंस काय, एवढंच विचारलं. अंबाजींनी टांगलेलं घड्याळ कधी खोललं नाही म्हणाल्या. मालक येईपर्यंत ते चालतंच राहायला हवं. मग आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. योगायोग असतो हो, असंही मीच म्हणाले. नंतर मोरीत जाऊन रडले.

१२ नोव्हेंबर
रघूचं घड्याळ जोडून परत खिळ्यावर लावलं. छान चालतंय. आता काय उपयोग?

संघर्षच्या घड्याळाचा आवाज बिघडलाय. टिकटिक लंगडतेय. बॅलन्सचं टोक झिजलंय, मला कानाने कळतं. बॅलन्स म्हणजे आत मागेपुढे हलणारं चाक, घड्याळाचा सगळा जीव त्यातच. दुरुस्त करायचं तर थांबवावं लागेल. नाही केलं तर आपणच थांबेल.

१३ नोव्हेंबर
संघर्षचा फोन लागला, मिनिटभर. छातीत मधेच ठोका चुकतो म्हणाला. जागरणामुळे असेल म्हणाला. मी काय सांगणार? काळजी घे म्हटलं.

१४ नोव्हेंबर, सकाळ
थांबत थांबत चालतंय. नवा बॅलन्स मुंबईहून यायला — नाही, तेवढा वेळ नाही.

रघूचं घड्याळ आहे. तीच बनावट. त्याचा बॅलन्स यात बसतो. आम्ही घड्याळजी हेच तर करतो, मेलेल्याचं काढून जित्याला घालतो. श्वास रोखून धरता येतो तेवढ्यात बदलेन. हात बसलेला आहे माझा.

दुपार
झालं! आवाज खणखणीत, एकसारखा.

बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे कप्तानाचा, फोन आला. संघर्ष क्षणभर कोसळला, पण लगेच उठला. आता जेवतोय. डाव्या हाताने जेवतोय म्हणून सगळे हसतायत.

पडताना उजव्या हाताला लागलं असेल.

१६ नोव्हेंबर
बोट लागली. भर दुपारी संघर्ष दारात. मी धावले. तो हसला, म्हणाला — ‘मास्तरीन’.

चिडवतोय वाटलं.

हात थेट रघूच्या खिळ्याकडे गेला. बंद घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ. मग संघर्षचं काढलं, बांधलं — उजव्या मनगटावर. तबकडी आत.

‘माजा घड्याल कोनी खोलला गो?’

मी आतल्या खोलीत आहे. कडी लावलीय. तो ठोठावत नाही. दाराला कान लावून उभा आहे, फटीतून दिसतोय.

मागच्या खिडकीतून आवडाबाई ओरडतायत. त्याच्या हातातलं घड्याळ बंद कर, म्हणतात. बंद केलं की रघू जाईल.

पण त्यात संघर्षही — माझा संघर्ष आत असेल तर —

दाराबाहेरून टिकटिक ऐकू येतेय. आणि तो हाक मारतोय, संघर्षच्या आवाजात, मैत्री, दार उघड — हा त्याचाच — त्याचाच आवाज, मी कडी का