घेवड्यातला ग्राउंडहॉग

ब्रश रन, पेनसिल्व्हेनिया
२९ ऑगस्ट १९८८

प्रिय लमार,

तू आणि कोरीन बरे असाल. इथे सगळं ठीक. मका तयार झाला. सफरचंदांचा पहिला मुरंबा काल बाटल्यांत भरला, तुझ्या आवडीचा, जास्त दालचिनी घातलेला. दोन वर्षांनी लिहिते आहे, म्हणून अक्षर अवघडलेलं दिसेल.

यंदा अवजारांच्या शेडखाली बीळ करून ग्राउंडहॉग राहायला आला. एक मादी, तपकिरी, मांजराच्या दुप्पट जाड. एल्वूड तिला 'तो'च म्हणतो, मलाही तीच सवय लागली. कोबी संपवला, मग घेवड्याकडे वळला. घाबरला की शिट्टी वाजवायचा. दर वेळी मला वाटायचं, आपला लमारच आला मागच्या वाटेने.

एल्वूडला तो मारायचा होता. मी म्हटलं, आत पिल्लं आहेत, ती जाईपर्यंत थांब.

"तुझ्या दयेनं बागेत खाणावळ उघडलीय," तो म्हणाला. "पाटी तेवढी लावायची राहिलीय."

"पाटी तू रंगव. तुझं अक्षर बरं आहे."

हसला. त्या दिवशी बरा होता.

जुलैत पिल्लं गेली. मग मी कामाला लागले. बिळाच्या तोंडाशी मांजर घाण करतं ती वाळू टाकली, वासाने पळावा म्हणून. बागेभोवती जाळी लावली. खालची हातभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरली, वरची सैल सोडली, म्हणजे चढणारा डुलत खाली येतो. शेवटी बिळात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. आईची रीत तुला आठवत असेल. बोळे तीन दिवस हलले नाहीत तर बीळ रिकामं.

तीन दिवस हलले नाहीत. आठ दिवसांनीही नाहीत. मी बीळ बुजवलं.

"गेला तो," मी एल्वूडला सांगितलं. "आता रायफल आत ठेव."

"गेला कुठे? सकाळीच पाहिला. घेवड्यात वाकून खात होता."

सकाळी घेवड्यात मी होते.

सकाळच्या गारव्यात घालायचा तपकिरी स्वेटर मी पेटीत टाकला, लाल घातला. उभ्यानेच शेंगा तोडू लागले. खालच्या शेंगा वेलावरच वाळल्या.

गेल्या मंगळवारी बादली उचलायला वाकले. आधी बादलीला भोक दिसलं, मग आवाज कळला. मी मातीत पडून राहिले. एल्वूड पायऱ्या उतरून जाळीपाशी आला.

"पळाला का गं?"

"पळाला."

"उद्या सोडत नाही."

मग त्याने मला हात देऊन उठवलं. माझ्या गुडघ्यांची माती झटकली.

तेव्हापासून मी बागेत गेलेले नाही. तो म्हणतो, अजून दिसतो, आता दोरीवरच्या कपड्यांपाशी येतो. कपडे मी वाळत घालते.

रायफल जेवतानाही मांडीवर असते. फोन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आहे आणि तो तिथेच बसून असतो. शेरीफचे पोलीस अंगणात उतरले तर त्याला ते काय दिसतील, सांगता येत नाही. टपालपेटीपर्यंत मला जाता येतं. पुढच्या बाजूला तो बघत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, "एर्मा, ह्याचं डोकं ठिकाणावर नाही. रायफल काढून घे." नवऱ्याची बाजू घेऊन मी तुला घराबाहेर काढलं. तू खरं बोलत होतास. मला तेव्हाही माहीत होतं.

ये. दर हिवाळ्यात त्याची रायफल तूच साफ करायचास. साफ करायला मागितलीस तर तुला देईल. दुसऱ्या कोणाला देणार नाही.

गाडी रस्त्यावरच ठेव. पुढच्या दाराने ये, त्याला मोठ्याने हाक मारत. मागच्या वाटेने येऊ नकोस. आणि लमार, शिट्टी वाजवू नकोस.

वाट पाहणारी तुझी बहीण,
एर्मा